१८,९९६

१८,४२६ हा आकडा कुणाचा, हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. सचिनच्या एकदिवसीय धावा. ४६३ सामने, बावीस वर्षांहून लांबलेली वाटचाल आणि ती बघत मोठ्या झालेल्या दोन पिढ्या. खेळाच्या जगात याच्या अगदी शेजारी, ५७० नं पुढे, आणखी एक आकडा उभा आहे. १८,९९६. आपल्याकडे तो कुणाच्या कानावरूनही गेलेला नसतो. मनिलात मात्र साठीतल्या कुठल्याही जीपनीवाल्याला विचारा, तो ब्रेकवरचा पाय न काढता मालकाचं नाव सांगेल.

रामोन फर्नांडेझ. फिलिपीन बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे पीबीए, या व्यावसायिक लीगमध्ये १९७५ ते १९९४ असे वीस हंगाम खेळून त्यानं जमवलेले हे गुण. योगायोग इथे थांबत नाही. गुणांच्या यादीत त्याच्यामागे दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या अबेट गिदाबेनचे गुण आहेत १५,७७५. सचिनच्या कसोटी धावा १५,९२१. आणि फर्नांडेझचा शेवटचा हंगाम ज्या वर्षी झाला, त्याच १९९४ च्या सप्टेंबरात कोलंबोला सचिनचं पहिलं एकदिवसीय शतक लागलं.

हे जुळवायला मजा येते, पण इथून पुढे तुलना सोडून द्यावी हे बरं. बाद झालेला फलंदाज पॅव्हिलियनमध्ये जाऊन पॅड सोडतो. बास्केटबॉलमध्ये दोन गुण मिळवून हात खाली येतो न येतो तोच दुसऱ्या टोकाला धावत जाऊन आपल्या रिंगखाली उभं राहावं लागतं, कारण समोरचे पाच जण चेंडू घेऊन निघालेले असतात. शिवाय धावांना वरची मर्यादा नाही. एका दिवसात दोनशेही होतात. बास्केटबॉलमध्ये घड्याळ ४८ मिनिटांचं आणि चेंडू एकच, तोही दहा जणांत.

त्या ४८ मिनिटांतली सरासरी ३४ मिनिटं फर्नांडेझ कोर्टवर असायचा. १,०७४ सामने. एकूण साडेछत्तीस हजारांहून जास्त मिनिटं. तास केले तर सहाशेच्या वर जातात, दिवस केले तर पंचवीस भरतात. म्हणजे एका माणसानं न झोपता, न जेवता, पंचवीस दिवस आणि पंचवीस रात्री बास्केटबॉल खेळावा, तेवढा वेळ. यात सराव नाही, वेळ थांबवून घेतलेली मिनिटं नाहीत, बाकावर बसून घाम पुसणं नाही. फक्त घड्याळ चालू असतानाचा वेळ. या पंचवीस दिवसांत दर एक मिनिट छप्पन्न सेकंदांना त्याच्या खात्यात एक गुण पडत गेला. शिवाय ८,६५२ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेला चेंडू), ५,२२० असिस्ट, १,८५३ ब्लॉक (हवेतच अडवलेला फटका), १,३०२ स्टील (हिसकावलेला चेंडू). रिबाउंड आणि ब्लॉक यांचीच बेरीज साडेदहा हजारांवर जाते, आणि ही दोन्ही कामं जमिनीपासून दहा फूट उंचीच्या रिंगच्या आसपास, कोपरांच्या गर्दीत करायची असतात. समोर अमेरिकेहून पगार देऊन आणलेला धिप्पाड गडी असतो.

फर्नांडेझ स्वतः सहा फूट चार-पाच इंच, अंगानं काटकुळा. फिलिपिनो पुरुषाची सरासरी उंची पाच फूट चार इंचांच्या आसपास, त्यामुळे त्या देशात तो ताडमाड. पण पीबीएच्या हंगामात काही स्पर्धा फक्त देशी खेळाडूंच्या, तर काहींत प्रत्येक संघाला परदेशी खेळाडू घ्यायची मुभा. या पाहुण्यांना तिथे सरळ ‘इम्पोर्ट’ म्हणतात. त्यांच्यापुढे रिंगखाली जोर लावून काही साधणार नाही, हे फर्नांडेझनं लवकर ओळखलं असावं. त्याची ओळख झालेला फटका एका हाताचा होता: अंग किंचित बाजूला कललेलं, चेंडू तळव्यावर, आणि बचाव करणाऱ्याचे दोन्ही हात वर गेलेले असताना त्यांच्या वरून मनगटाच्या एका हलक्या झटक्यानं सोडलेला चेंडू. ना धसमुसळेपणा, ना घाई. याला तिकडे ‘एलिगंट शॉट’ असं नाव पडलं. बॉडीबिल्डर वाटावेत अशा इम्पोर्टच्या डोक्यावरून हा किडकिडीत माणूस तो चेंडू जाळीत सोडायचा, आणि लगेच पाठ फिरवून परत निघायचा.

हा सगळा प्रकार ज्या देशात घडला, त्याचं प्रमाण एकदा डोळ्यांखालून घालायला हवं. ७,६४१ बेटं. २०२० च्या जनगणनेनुसार जवळपास १० कोटी ९० लाख माणसं. गावपातळीवरचं सगळ्यात लहान प्रशासकीय एकक म्हणजे बारांगाय. ती ४२ हजारांहून जास्त. आणि बारांगाय म्हटलं की बास्केटबॉलचं कोर्ट आलंच, बहुतेक ठिकाणी छप्पर घातलेलं, जिथे लग्नाच्या पंगती, लसीकरण, निवडणुकीच्या सभा आणि पुराच्या वेळचा निवारा हे सगळं त्याच लाकडी फळकांच्या रिंगखाली चालतं. कोर्ट नसेल तिथे माडाच्या बुंध्याला लोखंडी कडं ठोकलेलं असतं. पोरं रबरी स्लिपर घालून खेळतात. अमेरिकनांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळा आणि वायएमसीएच्या वाटेनं हा खेळ तिथे आणला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये, बास्केटबॉल पहिल्यांदाच पदकासाठी खेळला गेला तेव्हा, फिलिपीन्स पाचवं आलं. १९५४ च्या जागतिक स्पर्धेत रिओला ब्राँझ. आजवर आशियातल्या कुठल्याही संघाला जागतिक स्पर्धेत त्याच्या पुढे जाता आलेलं नाही. उंच माणसांच्या खेळाचं एवढं वेड बुटक्या माणसांच्या देशाला का लागावं, याची कारणं समाजशास्त्रज्ञ देतील. मला तरी ते कोडं सोडवण्यापेक्षा बघत बसणं जास्त आवडतं.

प्रेक्षकांचा आकडा हवा असेल तर तोही आहे. जानेवारी २०२३ मध्ये बारांगाय गिनेब्रा हा मनिलाचा लाडका संघ आणि हाँगकाँगचा पाहुणा संघ यांच्यातला अंतिम मालिकेतला सातवा सामना बघायला फिलिपीन अरीनात ५४,५८९ माणसं आली. हा राष्ट्रीय संघाचा सामना नव्हता, जागतिक स्पर्धा नव्हती. देशांतर्गत लीगमधला सामना, छपराखाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच जागी विश्वचषकाचा पहिला दिवस झाला, तेव्हा ३८,११५ लोकांनी विश्वचषकाच्या इतिहासातल्या गर्दीचा विक्रम मोडला. म्हणजे या देशात घरच्या लीगला आलेली गर्दी विश्वविक्रमी गर्दीपेक्षा सोळा हजारांनी जास्त!

या लीगचा पहिला दिवस ९ एप्रिल १९७५. जागा मनिला परिसरातलं अरानेता कोलिझियम, जिथे त्याच वर्षी १ ऑक्टोबरला मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांनी चौदा फेऱ्या एकमेकांना बदडलं. आशियातली ही पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिचे संघ शहरांचे नव्हते आणि आजही नाहीत, कंपन्यांचे आहेत. टोयोटा मोटारींचा संघ, क्रिस्पा कपड्यांचा, तांदुआय रमचा, गिनेब्रा जिनचा, सॅन मिगेल बिअरचा, प्युअरफूड्स हॉटडॉगचा, अलास्का दुधाचा. मुंबईत टाइम्स शील्डमध्ये निरलॉन आणि मफतलाल एकमेकांशी भिडायचे, हे ज्यांना आठवतं त्यांना यात नवल वाटणार नाही. फरक इतकाच की तिथे या सामन्यांसाठी देश थांबायचा.

विशेषतः टोयोटा आणि क्रिस्पा यांच्यासाठी. १९७५ च्या तिन्ही स्पर्धांत टोयोटा अंतिम फेरीत होती. पहिल्या दोन तिनं जिंकल्या, तिसरी क्रिस्पानं. पुढच्या वर्षी क्रिस्पानं तिन्ही जिंकल्या. १९७७ च्या एप्रिलमध्ये या दोन संघांत सामन्यानंतर अशी हाणामारी झाली की राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या मार्शल लॉच्या त्या काळात लष्करी पोलिसांनी खेळाडूंना बोलावून घेतलं आणि फोर्ट बोनिफासियोच्या कोठडीत एक रात्र काढायला लावली. क्रिस्पाच्या गोटात गिदाबेन आणि अटॉय को होते. को पीबीएत दहा हजार गुण करणारा पहिला खेळाडू. टोयोटाच्या गोटात फर्नांडेझ होता, आणि त्याला चेंडू आणून देणारा रॉबर्ट जावोर्स्की.

फर्नांडेझच्या आकड्यांत खोल शिरायचं तर जावोर्स्कीला टाळता येत नाही. जन्म १९४६, वडील पोलिश वंशाचे अमेरिकन, आई फिलिपिनो. पॉइंट गार्ड, पण पैलवानाच्या छातीचा. १९७१ मध्ये, पीबीए अजून जन्मायची होती तेव्हाच्या लीगमध्ये, पंचांना मारहाण केली म्हणून त्याच्यावर जन्मभराची बंदी आली होती. दोन वर्षांनी मनिलात आशियाई स्पर्धा आली, राष्ट्रीय संघाला तो हवा होता, आणि जन्मभराची बंदी उठली. पीबीएत त्याच्या नावावर ५,८२५ असिस्ट आहेत. हा विक्रमच आहे. असिस्ट म्हणजे ज्या पासवर लगेच बास्केट पडते तो पास. म्हणजे हिशेबाच्या वहीत एकाच क्षणाच्या दोन नोंदी होतात: पास देणाऱ्याला एक असिस्ट, टाकणाऱ्याला दोन गुण. टोयोटाच्या नऊ हंगामांत ही दुहेरी नोंद या दोघांच्या नावांवर किती वेळा झाली असेल, याला सुमार नाही. १८,९९६ मधला मोठा वाटा जावोर्स्कीच्या वहीतही, वेगळ्या रकान्यात, लिहिलेला आहे. मोठ्या आकड्यांबद्दल माझी एक तक्रार कायमची आहे, की ते एकाच नावापुढे छापले जातात.

आता जरा वेगळ्या जातीचे आकडे बघू, म्हणजे या बेरजेचं वजन कळेल. पीबीएच्या इतिहासात एका सामन्यातले सगळ्यात जास्त गुण १०५. टोनी हॅरिस नावाच्या इम्पोर्टनं १९९२ मध्ये इलोइलो शहरात केले, गिनेब्राविरुद्ध. अमेरिकेतल्या एनबीएत विल्ट चेंबरलेननं केलेल्या शंभरपेक्षा पाच जास्त. त्याआधीचा विक्रम १०३, मायकेल हॅकेट या इम्पोर्टचा, १९८५ चा, गिनेब्राकडून खेळताना; त्या सामन्याचा निकाल १९७–१६८ असा वेडावाकडा आहे. फिलिपिनो खेळाडूचा विक्रम ॲलन कैडिकचा. नोव्हेंबर १९९१, ७९ गुण, त्यातले ५१ नुसत्या तीन गुणांच्या फटक्यांतून, कारण असे १७ फटके त्यानं जाळीत घातले. प्रतिस्पर्धी पुन्हा गिनेब्राच. आणि या तिन्ही रात्री गिनेब्राचा प्रशिक्षक कोण? जावोर्स्की. तेव्हा तो तिथे खेळाडू आणि प्रशिक्षक एकाच वेळी होता. एकदा त्याच्या माणसानं शतक ठोकलं, दोनदा त्याच्याविरुद्ध विक्रम झाले.

या रात्री कुणाच्याही तोंडात बोट जाईल अशा. पण हॅरिसच्या १०५ वर फर्नांडेझची बेरीज उभी करायची तर तशा रात्री सलग १८१ लागतील. कैडिकच्या ७९ वर, २४१. फर्नांडेझनं ती केली सामन्याला १७.७ नं. १७.७ हा आकडा ऐकून कुणी वर बघत नाही. बुधवारी सतरा, शनिवारी एकोणीस, घोटा सुजलेला असेल तर अकरा. त्याच्या पहिल्या पाच हंगामांत तीन गुणांची रेषाच कोर्टवर आखलेली नव्हती. पीबीएत ती १९८० मध्ये आली. म्हणजे कैडिकला जो स्वस्त सौदा मिळाला, तो फर्नांडेझला सुरुवातीला मिळालाच नाही. दोन-दोन करत, मध्ये फ्री थ्रोचा एक-एक टाकत, अठरा हजार.

एक हंगाम मात्र असा आहे की जिथे सरासरीच डोळे विस्फारायला लावते. १९८४. गुण २७.८, रिबाउंड ११.२, असिस्ट ९.९, सगळं सामन्यागणिक. एका सामन्यात तीन प्रकारांत दोन आकडी कामगिरी झाली की तिला ट्रिपल-डबल म्हणतात, आणि ती कुठल्याही चांगल्या खेळाडूच्या आयुष्यातली सांगण्यासारखी गोष्ट असते. अख्ख्या हंगामाची सरासरीच ट्रिपल-डबल असणं हे एनबीएत १९६२ साली ऑस्कर रॉबर्टसननं केलं, मग तब्बल ५५ वर्षांनी रसेल वेस्टब्रुकनं. दोघंही गार्ड, म्हणजे चेंडू ज्यांच्या हातात सर्वांत जास्त वेळ असतो ते. रिंगखाली खेळणाऱ्या सेंटरनं हे करायला एनबीएला निकोला योकिचची, म्हणजे २०२५ सालची वाट बघावी लागली. फर्नांडेझ सेंटर होता. त्याचं ९.९ म्हणजे दर दहा सामन्यांमागे ९९ असिस्ट. शंभराला एक कमी. आकडेशास्त्राच्या दृष्टीनं तो हुकला. मला विचाराल तर लीग वेगळी, दर्जा वेगळा हे सगळं मान्य करूनही, ज्या माणसाकडे रिंगखाली उंच उभं राहून गुण काढायचं काम दिलेलं होतं, त्यानं सामन्यात दहा वेळा दुसऱ्याला बास्केट करायला लावावी, हे त्याच्या अठरा हजारांपेक्षा जास्त चक्रावून टाकणारं आहे.

आणि हा हंगाम टोयोटातला नव्हता. १९८४ उजाडताना टोयोटानं संघ बंद केला होता. खेळाडूंचा सगळा ताफा एका बिअर कंपनीकडे सोपवायचं ठरलं. गुरंढोरं विकतात तसं आम्हाला विकता येणार नाही, अशा अर्थाचं बोलून जावोर्स्की आणि त्याचा जोडीदार फ्रान्सिस आर्नाइझ बाहेर पडले आणि जिन कंपनीच्या संघात गेले, जो पुढे गिनेब्रा झाला. फर्नांडेझ बाकीच्यांसोबत त्या बिअर कंपनीच्या संघात, बिअर हाउझेनमध्ये, राहिला. दोघांत आधीपासून धुसफुस होतीच. आता बोलणंच बंद झालं. एकाच कोर्टवर समोरासमोर यायचे, पण नमस्कार नाही. देशही दोन भागांत वाटला गेला. जावोर्स्कीचे भक्त आणि फर्नांडेझचे भक्त. घरात दोन भाऊ असतील तर बहुधा एकेक.

यानंतरची फर्नांडेझची कारकीर्द म्हणजे मालवाहू गाडीसारखी एका गोदामातून दुसऱ्यात. १९८५ मध्ये तांदुआयकडे, बदल्यात गेला गिदाबेन. १९८८ मध्ये नव्यानं आलेल्या प्युअरफूड्सकडे, सुरुवातीला खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही. त्याच वर्षी तिथून सॅन मिगेलकडे, आणि बदल्यात गेला, पुन्हा, गिदाबेन. पीबीएच्या इतिहासातले पहिल्या दोन क्रमांकांचे गुणधारक एकमेकांच्या बदल्यात दोनदा दिले-घेतले गेले. दुसऱ्या वेळी गिदाबेन तर आदल्याच वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू होता. या दोघांचं नातं आकड्यांतून बघितलं तर कादंबरी वाटावी. १९८२ ते १९८८ या सात वर्षांत सर्वोत्तम खेळाडूचा मान सहा वेळा या दोघांपैकीच एकाला मिळाला: फर्नांडेझ, गिदाबेन, फर्नांडेझ, मध्ये १९८५ मध्ये रिकार्डो ब्राउन, मग फर्नांडेझ, गिदाबेन, फर्नांडेझ. रिबाउंड ८,६५२ आणि ८,५७०. वीस वर्षांत फरक ८२ चा. सामने १,०७४ आणि १,०८१. इथे गिदाबेन सातनं पुढे, आणि तो विक्रम त्याचाच. फक्त गुणांत ३,२२१ ची दरी.

फर्नांडेझचे चार सर्वोत्तम पुरस्कार चार वेगवेगळ्या संघांत असताना मिळाले. टोयोटा, बिअर हाउझेन, तांदुआय, आणि चौथा त्या वर्षी जेव्हा त्यानं हंगामाच्या मध्यात संघ बदलला. विजेतेपदं १९: टोयोटात नऊ, तांदुआयमध्ये तीन, सॅन मिगेलमध्ये सात. या सातांत १९८९ च्या तिन्ही स्पर्धा आहेत. एका वर्षात तिन्ही जिंकणं, म्हणजे ग्रँड स्लॅम, पीबीएच्या पन्नास वर्षांत पाचदाच झालेलं आहे. टोयोटात असताना हे त्याच्या नशिबी आलं नव्हतं. क्रिस्पानं मात्र दोनदा केलं होतं, आणि दोन्ही वेळा गिदाबेन क्रिस्पात होता.

१९८९ मधलीच आणखी एक गोष्ट. पीबीएनं ऑल-स्टार सामना भरवला: अनुभवी खेळाडू विरुद्ध पहिल्या काही हंगामांतले तरुण. अनुभवींच्या बाकावर जावोर्स्की आणि फर्नांडेझ शेजारी-शेजारी, पाच वर्षांच्या अबोल्यासकट. प्रशिक्षक बेबी डालुपान, म्हणजे ज्या क्रिस्पाशी या दोघांनी आयुष्यभर झुंज घेतली तिचा सेनापती. काही सेकंद शिल्लक, गुणफलकावर १३०–१३०. डालुपाननं खेळ आखून दिला: चेंडू बाहेरून आत टाकणार जावोर्स्की, आणि तो घेणार फर्नांडेझ. देशात ज्यानं त्यानं दोघांपैकी एकाची बाजू घेतलेली असताना म्हाताऱ्यानं हे आखलं, याला मी तरी नुसती खेळाची अक्कल म्हणणार नाही. पास आला. फर्नांडेझनं चेंडू जमिनीवर टप्पा देत तरुण सेंटर बेंजी पारासला मागे टाकलं आणि ले-अप जाळीत घातला. १३२–१३०. मग डालुपाननं दोघांना कोर्टच्या मध्यावर आणलं आणि हात मिळवायला लावले. स्टेडियममध्ये काय गोंधळ उडाला असेल तो सांगायला नको.

यात हिशेबाची एक गंमत आहे. ऑल-स्टार सामना प्रदर्शनीय. त्याच्या नोंदी कारकिर्दीच्या बेरजेत धरत नाहीत. या जोडीनं एकत्र केलेली सगळ्यात प्रसिद्ध बास्केट १८,९९६ मध्ये नाही, आणि तो पास ५,८२५ मध्ये नाही.

पुढच्याच वर्षी बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत फिलिपीन्सनं पहिल्यांदा व्यावसायिक खेळाडू उतरवले. संघाचा प्रशिक्षक जावोर्स्की, आणि संघात फर्नांडेझ. चीनकडून अंतिम सामना हरले, रौप्य मिळालं. तीच ती बीजिंगची स्पर्धा, जिथे कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी खेळवली गेली आणि भारताला संपूर्ण स्पर्धेतलं एकमेव सुवर्ण तिनंच मिळवून दिलं.

जावोर्स्की त्यानंतरही थांबला नाही. १९९७ मध्ये, ५१ व्या वर्षी, तो पीबीएच्या कोर्टवर होता. पुढच्या वर्षी सिनेटवर निवडून गेला. फर्नांडेझ १९९४ नंतर निवृत्त झाला. बऱ्याच वर्षांनी, २०१६ मध्ये, देशाच्या क्रीडा आयोगावर त्याची नेमणूक झाली.

मग हा आकडा कुणी मोडेल का? फर्नांडेझच्या काळात, विशेषतः ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, लीगमध्ये संघ सहा-सातच उरले होते. तेच संघ एकमेकांशी पुनःपुन्हा खेळायचे, स्पर्धा वर्षभर चालायच्या, आणि फर्नांडेझचा संघ बहुतेकदा शेवटच्या आठवड्यापर्यंत टिकायचा. त्यामुळे वर्षाकाठी त्याचे सरासरी ५४ सामने झाले. आता संघ १२ आणि साखळीत सहसा प्रत्येकाशी एकच सामना, म्हणजे स्पर्धेमागे ११ खात्रीचे. वर्षात तीन स्पर्धा झाल्या तर ३३, दोनच झाल्या तर २२. बाकीचे बाद फेरीत मिळवावे लागतात. अलीकडच्या काळातला सगळ्यात बलाढ्य खेळाडू जून मार फाहार्डो. सहा फूट दहा इंच, सेबूचा, २०१४ ते २०१९ सलग सहा वेळा सर्वोत्तम खेळाडू. फर्नांडेझचा चारचा विक्रम त्यानं असा मोडला की जणू तो कधी नव्हताच. रिबाउंडच्या यादीतही तो झपाट्यानं वर चढला. पण गुणांचं गणित वेगळं आहे. वर्षाला चाळीस सामने धरा, आणि फर्नांडेझचीच १७.७ ची सरासरी धरा: २७ हंगाम लागतात. सरासरी वीसवर नेली, जी इतका काळ टिकवणं कुणालाच जमलेलं नाही, तरी २४. बाविसाव्या वर्षी लीगमध्ये आलेला मुलगा पहिल्या हिशेबानं पन्नाशीच्या उंबरठ्यावर पोचतो, दुसऱ्या हिशेबानं पंचेचाळीस ओलांडतो, आणि दोन्हींत त्याला एकही हंगाम दुखापतीत घालवायची सवलत नाही. त्या वयात पीबीएत खेळून दाखवलेली माणसं विरळा आहेत. त्यांतल्या सगळ्यात वयस्कर माणसाची कीर्ती गुणांसाठी नाही, पाससाठी आहे.